भरतकामाचे कापड आखडते, अ‍ॅप्लिकचा तुकडा फुगतो: कारण शोधण्याचा क्रम

रिंगमध्ये, म्हणजे कापड ताठ धरणाऱ्या दुहेरी कड्यात, असताना भरतकाम सपाट आणि नेटके दिसते, पण रिंग सोडली की फुलाभोवतीचे कापड आखडते आणि इस्त्रीने बसवलेल्या चुण्या दुसऱ्या दिवशी पुन्हा उभ्या राहतात. उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, ब्लाउजच्या बाह्या, कुर्त्यांचे गळे आणि अलीकडे लोकरी अ‍ॅप्लिकची (एका कापडाचे आकार कापून दुसऱ्यावर शिवलेली) आसने, असे पुष्कळ काम याच एका तक्रारीसाठी माझ्याकडे दुरुस्तीला येत असते. बहुतेक जणी दोष आपल्या हाताला देतात आणि दोरा घट्ट ओढला गेला असावा असे सांगतात. ते कधी खरे असते, पण पुष्कळदा दोष पहिला टाका घालण्याच्या आधीच, कापड न धुता कापताना किंवा रिंगमध्ये बसवताना, शिरलेला असतो. म्हणून कात्री घेऊन उसवायला बसण्यापूर्वी थोडे निरीक्षण करावे.

लक्षणे

आखडणे आणि फुगणे ही दोन वेगळी, किंबहुना एकमेकांच्या उलट लक्षणे आहेत, आणि सारी गल्लत त्यांना एकच समजल्याने होते. नक्षी सपाट असून तिच्या कडेपासून बाहेरच्या बाजूला किरणांसारख्या चुण्या पसरल्या असतील, तर नक्षीने व्यापलेली जागा मूळ कापडापेक्षा लहान झालेली आहे, म्हणजे टाक्यांनी कापड आत ओढले आहे. याउलट भोवतालचे कापड बऱ्यापैकी सपाट असून नक्षीच मध्ये उचलली गेली असेल, तर नक्षीची जागा कापडापेक्षा मोठी राहिलेली आहे. पहिल्या प्रकारात ताण कमी करायचा असतो आणि दुसऱ्यात मुळात कापड जास्त ताणले गेले होते का, की ते नंतर आटले, हे पाहायचे असते. फुगलेल्या नक्षीवर सैल टाक्यांचा उपाय केला तर काहीच साधत नाही.

याखेरीज तीन लक्षणे लक्षात ठेवावीत. दोन पानांच्या किंवा दोन फुलांच्या मधोमध सरळ रेषेत एकच चुणी दिसणे, सबंध कापडावर तिरकी लाट येऊन चौकोनी तुकड्याचे कोपरे काटकोनात न राहणे, आणि अ‍ॅप्लिकच्या तुकड्याच्या कडा वर वळणे. यांची कारणे पुढे येतील.

चुणी केव्हा दिसली, हेही आठवून पाहावे. रिंगमध्ये असतानाच दिसली असेल तर दोष टाक्यात किंवा रिंगेच्या पकडीत आहे. रिंग सोडल्यावर दिसली असेल तर ताणात आहे. पहिल्या धुण्यानंतर दिसली असेल तर कापड, दोरा किंवा लोकर यांपैकी काहीतरी आटले आहे, आणि त्या बाबतीत टाक्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

उलटी बाजू आणि उभा धागा

पहिल्या तपासणीला काहीच खर्च नाही. कापड उलटे करून उजेडासमोर धरावे. एका पानाचे काम संपवून दोरा न तोडता तसाच दुसऱ्या पानाकडे नेण्याची सवय पुष्कळांना असते, आणि त्या नेलेल्या दोऱ्यावर कोणाचे लक्ष नसल्यामुळे तो नेमका घट्ट राहतो. दोन फुलांमधली एकटी सरळ चुणी जवळजवळ नेहमी याच दोऱ्याची असते. हा दोरा साधारण एक सेंटिमीटरपेक्षा लांब असेल आणि सुईच्या टोकाने उचलू पाहता उचलला जात नसेल, तर तो मधोमध कापावा. कापताच चुणी सैल पडली तर निदान बरोबर आले. कापलेली दोन्ही टोके सुईत ओवता येणार नाहीत इतकी आखूड असतात. अशा वेळी रिकामी सुई आधी मागच्या टाक्यांखालून सरकवावी, तिचे नेढे टोकाजवळ आणावे, मग दोरा ओवून सुई ओढून घ्यावी. चार-पाच टाक्यांखालून गेलेले टोक सहसा सुटत नाही, मात्र गाठ मारू नये, कारण इस्त्रीखाली गाठेचा उंचवटा सुलट बाजूवर उमटतो.

दुसरी तपासणी कापडाच्या धाग्यांची. काठाला समांतर जातो तो उभा धागा आणि त्याला छेदतो तो आडवा. नक्षीच्या दोन्ही अंगांना कापडाचा एक-एक उभा धागा नजरेने धरून खालपर्यंत जावे. तो रिंगेच्या जागी बाक घेत असेल, तर कापड रिंगमध्ये बसवल्यानंतर कोपऱ्यांतून, म्हणजे उरेब दिशेने, ओढले गेले होते. उरेब दिशेने कापड सर्वांत जास्त ताणले जाते, आणि त्या अवस्थेत घातलेले टाके त्याला परत सरळ होऊ देत नाहीत. रिंग घट्ट करताना कापड ओढायचेच असेल तर वर-खाली आणि डावी-उजवीकडे, धाग्याच्या सरळ दिशेने ओढावे. तिरकी लाट असलेले काम टाके दाट नसतील तर पुढे सांगितलेल्या पद्धतीने ओले करून सरळ करता येते. दाट भरलेले असेल तर पूर्ण सरळ होण्याची आशा कमी असते.

दोन हातांची ओढ

नक्षीच्या दोन्ही बाजूंना कापड धरून धाग्याच्या दिशेने हलकेच ओढावे. हलक्या ओढीने चुण्या नाहीशा होत असतील आणि सोडल्यावर परत येत असतील, तर टाक्यांत थोडी सवलत शिल्लक आहे आणि न उसवता दुरुस्ती होण्याची शक्यता चांगली आहे. ओढल्यावरही चुणीचे मूळ टाक्याच्या कडेशी घट्ट बसून राहत असेल, तर ते टाके काढावेच लागतील, मग त्यावर पाणी आणि इस्त्री यांचे कितीही प्रयोग करा. ही तपासणी मी पाण्याच्या आधी करते, कारण ओल्या कापडात खरा ताण समजत नाही.

ओले करून ताणून वाळवणे

त्याआधी रंगाची परीक्षा अनिवार्य आहे. पांढऱ्या सुती कापडाचा ओला बोळा मागच्या टाक्यांवर अर्धा मिनिट दाबून धरावा, आणि लाल, मरून, काळा व गडद निळा या रंगांवर तर वेगवेगळ्या जागी दाबावा. बोळ्याला रंग लागला तर काम ओले करू नये. नक्षी उतरवताना कापडावर केलेल्या खुणाही पाहाव्यात. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाची खूण गरम इस्त्रीखाली पक्की होऊ शकते, म्हणून ती आधी थंड पाण्याने पूर्ण काढावी आणि इस्त्री नंतर. उष्णतेने नाहीशा होणाऱ्या पेनाची खूण थंडीत परत उमटू शकते, हेही थंड प्रदेशात भेट पाठवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

रंग पक्का निघाला तर सुती किंवा लिननवरचे काम थंड पाण्यात भिजवून, न पिळता, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे. सॉफ्टबोर्डवर किंवा जाड थर्माकोलवर पांढरा टॉवेल पसरून त्यावर काम सुलट बाजू वर ठेवावे. आधी चार बाजूंच्या मध्यावर टाचण्या लावाव्यात, मग मध्यापासून कोपऱ्यांकडे जात साधारण दोन सेंटिमीटरच्या अंतराने लावत जाव्यात, आणि प्रत्येक वेळी ओढ धाग्याच्या दिशेनेच द्यावी. कोपरे सर्वांत शेवटी. टाचण्या न गंजणाऱ्याच हव्यात, पावसाळ्यात साध्या लोखंडी टाचणीचा तांबूस डाग एका रात्रीत उमटतो आणि तो चुणीपेक्षा वाईट. सावलीत पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे निदान एक दिवस, हात लावू नये.

याने काम होते ते असे की पाण्याने सुती धागे मऊ होऊन जागा बदलू शकतात आणि वाळताना ज्या स्थितीत धरले त्याच स्थितीत बसतात. इस्त्रीने हे साधत नाही, कारण इस्त्री चुणी दाबून बसवते पण तिच्या दोन्ही अंगांचा ताण तसाच ठेवते. इस्त्री करायचीच असेल तर जाड टॉवेलवर काम उपडे ठेवून मागून करावी, म्हणजे टाके टॉवेलच्या लवेत रुततात आणि चेपले जात नाहीत.

रिंग

चालू कामात वारंवार चुण्या येत असतील तर रिंग तपासावी. काम थोडे झाल्यावर बोटाने टिचकी मारून पाहावी. कापडाने डफासारखा हलका ताठ आवाज दिला तर पकड ठीक आहे. दाबल्यावर कापड खाली बसून तसेच राहिले तर प्रत्येक टाका त्याला थोडे आत ओढणार हे नक्की. लाकडी रिंग काही काळाने थोडी वाकडी होते आणि एका बाजूने पकड सुटते. नवी रिंग घेण्याआधी आतल्या कड्याला सुती फीत घट्ट गुंडाळून तिची दोन्ही टोके टाक्याने बंद करावीत. काही रुपयांच्या फितीने जुनी रिंग पुन्हा कामाची होते, आणि कापडावर कड्याचा ठसाही कमी पडतो.

होजिअरीच्या कापडाला मात्र हा नियम लागू नाही. टी-शर्ट रिंगमध्ये ताठ बसवला तर तो ताणलेल्या अवस्थेत भरला जातो आणि रिंग सोडताच भोवतालचे कापड आत येऊन नक्षी फुगते. असे कापड मागे न ताणणारे सुती कापड किंवा शिंप्याकडे मिळणारे हलके फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारे अस्तर) लावून, स्वतः न ताणता, नुसते सपाट धरावे.

सुई आणि पदर

भरतकामाच्या सुईचा क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक असते, आणि इथे नवशिक्यांचा नेमका उलटा समज होतो. सहा पदरांच्या दोऱ्याच्या एक-दोन पदरांसाठी 9 क्रमांकाची, तीन पदरांसाठी 7 क्रमांकाची आणि सहाही पदरांसाठी 5 क्रमांकाच्या आसपासची सुई चालते. सुई बारीक असेल तर तिने पाडलेल्या छिद्रातून दोरा घासून जातो, तो ओढून काढावा लागतो, आणि ती ओढ कापडात उतरते. टाका घालताना दर वेळी दोऱ्याचा खर्र असा आवाज येत असेल तर हाताला दोष देण्याआधी एक क्रमांक खालची सुई घेऊन पाहावी.

केंब्रिक किंवा रुबियासारख्या बारीक कापडावर सहा पदरांनी फूल दाट भरले तर दोरा मावत नाही, तो कापडाचे धागे बाजूला रेटतो आणि नक्षी फुगते. अशा कापडाला दोन पदर पुरतात. मॅटीवर किंवा जाड लिननवर तीन-चार पदर चालतात.

लांब टाके आणि उसवणे

आतापर्यंतच्या तपासण्यांनी सुटले नाही तर टाक्यांची लांबी मोजावी. सपाट भरलेल्या पाकळीतला टाका एक सेंटिमीटरच्या पुढे गेला की तो सैल घातला तर लोंबतो आणि ताठ घातला तर कापड ओढतो, त्याला मधला मार्गच नसतो. मोठ्या पाकळीचे दोन भाग करावेत किंवा लहान-मोठ्या टाक्यांनी ती टप्प्याटप्प्याने भरावी. सगळ्या पाकळ्यांचे टाके एकाच दिशेला असतील तर कापड त्याच दिशेने आखडते, म्हणून गोल फुलात टाक्यांची दिशा मध्याकडे वळवत न्यावी. सबंध योक (गळ्याखालचा छातीवरचा भाग) किंवा टेबलक्लॉथ असेल तर मधले दाट काम आधी करून बाहेर जावे, म्हणजे आलेला ढिलेपणा कडेपर्यंत सरकवता येतो.

उसवताना टाके सुलट बाजूने कापू नयेत. मागच्या बाजूने टोकदार लहान कात्रीने थोडे-थोडे कापावेत आणि मोकळे दोरे सुलट बाजूने चिमट्याने काढावेत. राहिलेली छिद्रे सुईच्या बोथट टोकाने धाग्यांच्या उभ्या-आडव्या दिशेने सारखी करून पाण्याचा हात फिरवला की सुती कापडात बहुतांश बुजतात. रेशमात ती बुजत नाहीत.

लोकरी अ‍ॅप्लिक

लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळणे एकत्र आले की खवले एकमेकांत अडकतात, कापड दाट होते आणि आटते, आणि हे आटणे परत फिरवता येत नाही. अ‍ॅप्लिकसाठी हाच गुण उपयोगी पडतो, कारण दाटलेल्या लोकरीच्या कापलेल्या कडा उसवत नाहीत आणि कडा आत दुमडावी लागत नाही. पण तुकडा शिवल्यानंतर तो आटला तर खालचे कापड भोवती गोळा होते, आणि खालचे न धुतलेले सुती कापड आटले तर तुकडाच फुगतो. अमेरिकेत 19व्या शतकात जुन्या लोकरी कपड्यांतून नाण्यांभोवती आखलेले गोल तुकडे कापून आसने शिवत, त्यांत हा त्रास कमी का येत असावा हे उघड आहे: वापरून-धुऊन त्या कपड्यांचे आटणे आधीच संपलेले असे आणि खालचे कापडही बहुधा लोकरीचेच असे.

म्हणून आधी तुकडा खरोखर लोकरीचा आहे का ते पाहावे. स्टेशनरीच्या दुकानातले रंगीत फेल्ट बहुधा कृत्रिम तंतूंचे असते. दोन धागे चिमट्यात धरून भांड्यावर पेटवावेत. लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची राख बोटांत चुरडते, तर कृत्रिम तंतू वितळून कडक मणी होतो. कृत्रिम फेल्टवर गरम इस्त्री ठेवली तर ते आक्रसते आणि चकाकते, त्याला उपाय नाही.

मग नमुन्याचा दहा सेंटिमीटरचा चौकोन कापून, गरम पाण्यात धुऊन, वाळवून मोजावा. तो नऊ सेंटिमीटर झाला तर वीस सेंटिमीटरचे पान दोन सेंटिमीटरने आटणार आहे, आणि इतकी ओढ कोणताही टाका लपवू शकणार नाही. खालच्या कापडाचाही असाच चौकोन धुवावा. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यातच बहुतेक आटून घेते, मी मात्र मांजरपाट दोनदा धुते. दख्खनी लोकरीच्या घोंगडीचे तुकडे वापरणाऱ्यांनी हे विशेष पाळावे, कारण घोंगडीच्या सुताला चिंचोक्याची खळ दिलेली असते आणि ती गेल्यावर कापडाचा ताठरपणा व माप दोन्ही बदलतात. धुणे कापण्याआधी करावे, नंतर नाही.

शिवताना खालचे कापड रिंगमध्ये ताठ ठेवू नये. ताणलेल्या कापडावर न ताणलेला तुकडा शिवला तर रिंग सोडल्यावर तुकडा मोठा पडतो. टेबलावर दोन्ही सपाट पसरून, तुकड्याच्या मधून आणि कडेने कच्चे टाके घालावेत. जाड लोकरीत टाचणी तुकड्याला उचलते, म्हणून तिच्यावर विसंबू नये. ब्लँकेट टाक्याची (कडेवर फास घेत जाणाऱ्या टाक्याची) खोली चार-पाच मिलिमीटर ठेवावी आणि दोऱ्याचा फास कडेवर नुसता टेकवावा. चार-पाच टाके झाल्यावर कड वर वळू लागली तर तिथेच थांबून तेवढे टाके सैल करावेत, कारण पूर्ण फेरी झाल्यावर ती कड इस्त्रीने बसत नाही.

तुकडा इस्त्रीच्या उष्णतेने चिकटणाऱ्या पट्टीने बसवलेला असेल तर आणखी एक शक्यता राहते. टाके ठीक असून मध्ये बुडबुडे आले असतील तर चिकट थर सुटला आहे. खऱ्या लोकरीच्या तुकड्यावर ओली मलमल ठेवून, इस्त्री न सरकवता दहा-बारा सेकंद दाबून उचलावी आणि थंड होईपर्यंत हलवू नये. शिवण उसवण्याची गरज बहुधा पडत नाही.

कोठे थांबावे

ओल्या बोळ्याला रंग लागला, तर घरच्या दुरुस्तीचा विषय तिथेच संपतो. मीठ किंवा व्हिनेगरने रंग पक्का होईल अशी आशा धरू नये. ड्रायक्लीनरला दोरा आणि रंग दाखवून मगच काम द्यावे. टाक्याच्या कडेने कापड विरले किंवा फाटले असेल तर नवे टाके त्याला आणखी फाडतील, तेथे रफूगर हवा, आणि त्याच्याकडे जाताना त्याच कापडाचा शिवणीतला किंवा दुमडीतला उरलेला तुकडा न्यावा, कारण रफूला त्यातलेच धागे लागतात. लोकरीत कसर लागल्याची छिद्रे दिसली तर तो तुकडा लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून इतर लोकरी कपड्यांपासून वेगळा ठेवावा आणि आधी किडीचा बंदोबस्त करावा. चुणीचा विचार त्यानंतर.

पैठणी, जरीचे काम आणि जुने रेशीम यांवर वरील पाण्याचा एकही उपाय करू नये. जरीचा धातू पाण्याने काळवंडू शकतो, आणि जुने रेशीम ओले असताना टाचण्यांच्या ताणाने चिरते. आजीच्या काळातले भरतकाम असेल आणि ते पुन्हा करता येण्यासारखे नसेल तर वस्त्रसंवर्धकाचा सल्ला घ्यावा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचे केंद्र आहे, चौकशीची सुरुवात तिथून करता येईल. तोवर ते काम घडी घालून ठेवू नये. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर धुतलेली पांढरी मलमल गुंडाळून, भरतकामाची सुलट बाजू बाहेर येईल अशा रीतीने ते सैलसर गुंडाळावे, कारण आत येणाऱ्या बाजूवरच सुरकुत्या पडतात, आणि वरून आणखी एक मलमल बांधावी.